आगामी वाहनाविषयीचे तर्क : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

एखादी वस्तू बाजारात येण्यापूर्वी तिच्या चाहत्यांनी तिच्याविषयी तर्क लढविणे ही आजच्या काळातील एक सर्वपरिचित सामाजिक कृती आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या वाहननिर्मितीच्या पट्ट्यात ही कृती आगामी मोटारी व मोटारसायकली यांच्याभोवती घडते. प्रस्तुत लेखात या तर्कांची साधने, त्यांची रीत आणि त्यांच्या मर्यादा भारतीय न्यायशास्त्रातील अनुमानविचाराच्या साहाय्याने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. यंत्राच्या रचनेविषयीचे तर्क बहुधा का खरे ठरतात, नाव, तारीख व निर्मितीस्थळ यांविषयीचे तर्क वारंवार का फसतात आणि या फरकाचे या परिसरातील लघुउद्योग, कामगार व विद्यार्थी यांच्या दृष्टीने काय महत्त्व आहे, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : चाहतावर्ग, अनुमान, हेत्वाभास, वाहनउद्योग, चाचणी वाहन, पिंपरी-चिंचवड, चाकण.

१. प्रस्तावना

ज्ञात गोष्टींवरून अज्ञात गोष्टीचा अंदाज बांधणे ही मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ती होय. आभाळाकडे पाहून पावसाचा अंदाज बांधणारा शेतकरी आणि निकालाआधी मतदानाचे आकडे मांडत बसणारा कार्यकर्ता हे दोघेही एकच कृती करीत असतात. गेल्या दोन-तीन दशकांत या प्रवृत्तीला एक नवे क्षेत्र लाभले आहे. ते म्हणजे कंपन्यांच्या आगामी वस्तूंविषयी चाहत्यांनी केलेले तर्क. संगणकावर व भ्रमणध्वनीवर खेळल्या जाणाऱ्या खेळांतही हे आढळते. उदाहरणार्थ, २०११ साली आलेल्या 'ड्रॅगनव्हेल' या खेळात खेळाडू निरनिराळ्या ड्रॅगनांचा संकर करून नव्या जाती मिळवितात. अशा खेळांचे चाहते पुढे येणाऱ्या जातीचे रूप, रंग व नाव यांविषयी केवळ एखाद्या छायाकृतीवरून तर्क करीत असतात.

आपल्या परिसरातील 'जाती' वेगळ्या आहेत. पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकण व तळेगाव या पट्ट्यात वाहनांचे आराखडे तयार होतात, त्यांच्या चाचण्या होतात आणि ती प्रत्यक्ष निर्माणही होतात. त्यामुळे आगामी वाहनाविषयीची उत्सुकता येथे केवळ ग्राहकाची राहत नाही. ज्याच्या घरातील कोणीतरी यंत्रशाळेत, रंगशाळेत अथवा सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यात काम करते, त्याच्यासाठी नवे वाहन म्हणजे नवे काम असते. आपल्या महाविद्यालयांतील कितीतरी विद्यार्थी अशा घरांतून येतात. म्हणूनच वरवर करमणुकीचा वाटणारा हा विषय अध्यापकवर्गाच्या विचारास पात्र आहे, असे वाटते.

२. औद्योगिक पार्श्वभूमी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतर पुण्याच्या वायव्येकडील गावांचे रूप झपाट्याने पालटले. त्या वेळच्या टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुणे प्रकल्प १९६६ साली सुरू झाला. त्याच वर्षी पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे सर्वसाधारणपणे जिला 'एआरएआय' म्हटले जाते ती संस्था स्थापन झाली. भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची महानगरपालिका १९८२ साली झाली.

चाकणचा उदय त्यानंतरचा. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ साली सुरू झाला. २००९ साली फोक्सवॅगनच्या चाकण प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि मर्सिडीज-बेंझनेही आपली निर्मिती पिंपरीहून चाकणला नेली. त्यानंतर लवकरच महिंद्राचा चाकण प्रकल्पही कार्यान्वित झाला. दुसरीकडे, बजाजच्या आकुर्डी कारखान्यातील वाहननिर्मिती २००७ साली थांबली. मुख्यालय व संशोधन मात्र तेथेच राहिले. थोडक्यात, काही मोजक्या मैलांच्या परिसरात आराखडा, चाचणी, प्रमाणन व निर्मिती या चारही अवस्था एकवटल्या आहेत. तर्क करणाऱ्याला याहून अधिक अनुकूल भूमी सापडणे कठीण आहे.

३. तर्काची सामग्री

चाहत्यांचे तर्क पूर्णपणे हवेत उभे असतात, हा समज बरोबर नाही. त्यांच्या सामग्रीचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार म्हणजे रस्त्यावर दिसणारे चाचणी वाहन. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये प्रत्येक वाहनाच्या आद्य नमुन्याची अधिकृत संस्थेकडून चाचणी होणे आवश्यक असते. त्याखेरीज कंपन्या स्वतःही वाहनाला खड्डे, घाट, उन्हाळा, पावसाळा व शहरी गर्दी यांतून हजारो किलोमीटर चालवून पाहतात. बंदिस्त धावपट्टीवर सर्वच गोष्टी तपासता येत नसल्याने वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणावेच लागते. पुणे-नाशिक महामार्गावर किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या नागमोडी आकृत्यांच्या चिकटपट्ट्यांनी मढविलेली मोटार दिसणे हे येथील रहिवाशांना नवीन नाही.

या छद्मावरणाचा इतिहास रंजक आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश सागरचित्रकाराने जहाजांवर परस्परविरोधी रंगांचे तुटक पट्टे रंगविण्याची कल्पना मांडली. जहाज लपविणे हा तिचा हेतू नव्हता. शत्रूच्या पाणबुडीला जहाजाची दिशा व गती यांचा नेमका अंदाज येऊ नये, एवढाच तिचा उद्देश होता. चाचणी वाहनावरील नक्षीचे तत्त्वही हेच आहे. वाहन लपत नाही. त्याच्या पत्र्यावरील वळणे व कडा मात्र डोळ्याला नीट उमगत नाहीत. परंतु काही गोष्टी नक्षीने झाकता येत नाहीत. दोन चाकांमधील अंतर, दरवाजांची संख्या, चाकाला असलेल्या नटांची संख्या, डिस्क ब्रेक, धूर सोडणाऱ्या नळीची जागा आणि इंजिनाचा आवाज या गोष्टी जाणकारास पुष्कळ काही सांगून जातात.

दुसरा प्रकार कागदपत्रांचा. व्यापारचिन्हासाठी केलेले अर्ज सार्वजनिक नोंदवहीत पाहता येतात. एखाद्या कंपनीने नवे नाव नोंदविण्यासाठी अर्ज केला की चाहत्यांना लगेच त्याचा सुगावा लागतो. रचनाधिकाराच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या की वाहनाच्या आकृत्याही उपलब्ध होतात. डिझाइन्स अधिनियम, २००० नुसार नोंदणीसाठी रचना नवीन व पूर्वी प्रसिद्ध न झालेली असावी लागते. कंपन्या आरंभीच्या काळात एवढी गुप्तता का पाळतात, याचे एक कारण येथे सापडते.

तिसरा प्रकार कंपनीच्या पूर्वेतिहासाचा. एकदा विकसित केलेले इंजिन व सांगाडा अनेक वाहनांत वापरणे आर्थिकदृष्ट्या अपरिहार्य असते. त्यामुळे कंपनीकडे आज काय आहे, यावरून उद्या काय येईल याची काही कल्पना करता येते. चौथा प्रकार म्हणजे कंपनीने स्वतः दिलेले संकेत : वाहनप्रदर्शनात मांडलेले संकल्पनारूप, सांकेतिक नाव, अर्धवट प्रकाशातील चित्रफीत आणि अधिकाऱ्यांची सूचक विधाने.

४. अनुमानाचे तीन प्रकार

या सामग्रीवरून निष्कर्षाप्रत जाण्याची रीत समजून घेण्यासाठी न्यायदर्शनाची परिभाषा उपयोगी पडते. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् व सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांच्या अर्थाविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. वात्स्यायनाने दिलेल्या एका स्पष्टीकरणानुसार, कारणावरून कार्याचे अनुमान ते पूर्ववत्. जसे, दाटून आलेल्या मेघांवरून होणाऱ्या पावसाचे. कार्यावरून कारणाचे अनुमान ते शेषवत्. जसे, नदीच्या पुरावरून वर झालेल्या पावसाचे. आणि अन्यत्र पाहिलेल्या सर्वसाधारण नियमावरून केलेले अनुमान ते सामान्यतोदृष्ट. जसे, स्थान पालटलेले दिसले म्हणून सूर्याला गती आहे असे मानणे.

चाहत्यांचे तर्क या तीन कप्प्यांत सहज बसतात. कंपनीकडे अमुक इंजिन तयार आहे, म्हणून नव्या वाहनात ते येईल, हे पूर्ववत् अनुमान. चाचणी वाहनाचा आवाज अमुक प्रकारचा आहे, म्हणून त्यात एकच सिलिंडर असावा, हे शेषवत् अनुमान. या कंपनीच्या वाहनांची नावे नेहमी अमुक पद्धतीची असतात, म्हणून पुढचेही तसेच असेल, हे सामान्यतोदृष्ट अनुमान. या तिन्हींची विश्वसनीयता सारखी नाही. ती का सारखी नाही, हे प्रत्यक्ष उदाहरणांतून पाहणे इष्ट ठरेल.

५. काही उदाहरणे

५.१ बजाजची ४०० वर्गातील मोटारसायकल

२००१ साली आलेल्या पल्सरने तरुणवर्गात मोठा चाहतावर्ग निर्माण केला. फेब्रुवारी २०१४ मधील वाहनप्रदर्शनात बजाजने पल्सर सीएस४०० व एसएस४०० अशी दोन संकल्पनारूपे मांडली आणि तर्कांना ऊत आला. त्यापूर्वी, २०१३ साली, चाकण येथे तयार होणारी केटीएमची ३९० ड्यूक भारतात आली होती. तिचे इंजिन ३७३ घनसेंटिमीटर क्षमतेचे होते. तेव्हा नव्या पल्सरमध्ये याच इंजिनाचे रूपांतर असणार, असा तर्क चाहत्यांनी केला. तो खरा ठरला. शक्ती मात्र कमी, म्हणजे ३५ पीएस, ठेवण्यात आली होती.

नावाच्या बाबतीत वेगळेच घडले. प्रथम सर्वांनी ती पल्सर सीएस४०० असेल असे धरले. मग व्हीएस४०० व 'क्रेटॉस' ही नावे चर्चेत आली. डिसेंबर २०१६ मध्ये प्रत्यक्षात आलेले वाहन 'डॉमिनार ४००' होते. त्यात पल्सर हे नावच नव्हते. एसएस४०० तर त्या रूपात कधी विक्रीस आलीच नाही. '४००' हा आकडा मिरविणारी पल्सर येण्यास ३ मे २०२४ उजाडला आणि तिचे नाव एनएस४००झेड असे निघाले. या वेळी आणखी एक वाद रंगला होता. केटीएमने २०२३ साली नव्या ३९० ड्यूकसाठी ३९९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणले होते. तेव्हा पल्सरला नवे इंजिन मिळणार की जुने, असा प्रश्न होता. १,८५,००० रुपये या आरंभीच्या किमतीत आलेल्या या पल्सरला जुनेच ३७३ घनसेंटिमीटरचे इंजिन मिळाले. कमी किमतीची परंपरा व विकासखर्च वसूल झालेले यंत्र यांची सांगड ज्यांनी घातली होती, त्यांचे अनुमान बरोबर ठरले.

५.२ पिंपरीची सफारी आणि चाकणची एक्सयूव्ही७००

फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा मोटर्सने एच५एक्स हे संकल्पनारूप मांडले. त्याचे नाव 'हॅरियर' असल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये पिंपरीत तयार झालेले हे वाहन बाजारात आले. त्याची तीन आसनरांगांची आवृत्ती येणार, हे चाचणी वाहनांच्या मागील भागाच्या लांबीवरून जाणकारांनी ओळखले होते. हा तर्क अचूक निघाला. नावाचा प्रवास मात्र वळणावळणांचा झाला. २०१९ च्या जिनिव्हा प्रदर्शनात हे वाहन 'बझार्ड' म्हणून मांडले गेले. २०२० च्या भारतीय प्रदर्शनात ते 'ग्रॅव्हिटास' झाले. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने त्याला आपले जुने, लोकप्रिय 'सफारी' हे नाव दिले. येथे चाहत्यांची चूक नव्हती. कंपनीनेच जाहीर केलेले नाव कंपनीनेच बदलले.

महिंद्राचे उदाहरणही असेच आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो अशी ओकारान्त नावे ठेवण्याची या कंपनीची प्रथा चाहत्यांच्या परिचयाची होती. २०११ साली चाकणमधून आलेल्या, डब्ल्यू२०१ या सांकेतिक नावाच्या वाहनाला 'एक्सयूव्ही५००' हे नाव मिळाले, तेव्हा प्रथा मोडली असे वाटले. परंतु कंपनीने त्याचा उच्चार 'फाइव्ह डबल ओ' असा करून शेवटचा ओकार राखला. पुढे डब्ल्यू६०१ हे वाहन म्हणजे नवी एक्सयूव्ही५०० असणार, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. एप्रिल २०२१ मध्ये ते 'एक्सयूव्ही७००' असल्याचे जाहीर झाले. सामान्यतोदृष्ट अनुमान एकदा वाकले आणि एकदा मोडले.

५.३ सीएनजीवर चालणारी मोटारसायकल

बजाजच्या सीएनजी मोटारसायकलीविषयी २०२४ साली पुष्कळ चर्चा झाली. चाचणी वाहनाच्या छायाचित्रांत वायूचा सिलिंडर उघडपणे दिसत नव्हता आणि आसन मात्र असाधारण लांब होते. यावरून सिलिंडर आसनाखाली आडवा बसविला असावा, असा शेषवत् तर्क करण्यात आला व तो खरा ठरला. नावाबाबत 'ब्रूझर' या नोंदविलेल्या व्यापारचिन्हावर अनेकांनी विश्वास ठेवला. प्रत्यक्षात ते वाहन 'फ्रीडम १२५' या नावाने आले. तारखेबाबतही हेच झाले. ३ मे २०२४ च्या कार्यक्रमात कंपनीचे प्रमुख राजीव बजाज यांनी १८ जून ही तारीख सांगितली होती. वाहन सादर झाले ते ५ जुलै २०२४ रोजी.

५.४ तर्काला दिलेले आमंत्रण

स्कोडाने २०२४ साली तर्काचे रूपांतर स्पर्धेत केले. चाकण येथे तयार होणाऱ्या आपल्या नव्या लहान वाहनाचे नाव सुचविण्यास कंपनीने जनतेला सांगितले. नाव रोमन लिपीतील 'के' या अक्षराने सुरू व्हावे आणि 'क्यू' या अक्षराने संपावे, अशी अट होती. कोडियाक, कुशाक या नावांची परंपरा यामागे होती. ऑगस्ट २०२४ मध्ये 'कायलाक' हे नाव जाहीर झाले. चाहत्यांनी एरवी जो नियम अनुमानाने शोधला असता, तो येथे कंपनीने आधीच सांगून टाकला. अनुमान म्हणून या प्रकारात फारसे काही उरले नाही. परंतु चाहत्यांची कल्पनाशक्ती ही जाहिरातीची मोफत शिदोरी असते, हे मात्र यातून स्पष्ट झाले.

६. कार्यकारणाधीन आणि संकल्पाधीन

वरील उदाहरणे शेजारी ठेवली असता एक सूत्र हाती लागते. इंजिन, आसनरांगा, सिलिंडरची जागा यांविषयीचे तर्क खरे ठरले. नाव व तारीख यांविषयीचे तर्क फसले. याचे कारण तर्क करणाऱ्याच्या कुवतीत नाही, तर विषयाच्या स्वरूपात आहे.

यंत्राची रचना ही कार्यकारणाधीन असते. इंजिनाला जागा लागते, सिलिंडरला लांबी लागते, तिसऱ्या आसनरांगेला छप्पर व दरवाजा यांत बदल करावा लागतो. पत्रा दाबण्याचे साचे व जोडणीची उपकरणे वाहन येण्याच्या कितीतरी आधी तयार करावी लागतात. एकदा साचे बनले की रचना सहजी बदलता येत नाही. म्हणून रस्त्यावर दिसणाऱ्या कार्यावरून कारणापर्यंत मागे जाता येते. नाव, तारीख व काही अंशी किंमत या गोष्टी मात्र संकल्पाधीन असतात. सभागृहात बसलेली चार माणसे अखेरच्या आठवड्यातही त्या बदलू शकतात. त्यांची पूर्वखूण रस्त्यावर उमटत नाही.

या भेदाकडे दुर्लक्ष झाले की हेत्वाभास निर्माण होतात. न्यायशास्त्रातील दोन हेत्वाभास येथे विशेष लागू पडतात. पहिला सव्यभिचार. जो हेतू साध्य असताना आढळतो आणि साध्य नसतानाही आढळतो, तो निर्णायक ठरत नाही. कंपन्या वापरावयाची नावे नोंदवितात, तशीच कधीही न वापरावयाची नावेही राखून ठेवण्यासाठी नोंदवितात. त्यामुळे 'नाव नोंदविले आहे, म्हणून तेच येणार' हे अनुमान सव्यभिचारी होय. दुसरा साध्यसम. येथे हेतू स्वतःच साध्याइतका असिद्ध असतो. एक चाहता अफवेवरून वाहनाचे काल्पनिक चित्र रेखाटतो, दुसरा त्या चित्राचा दाखला देतो आणि तिसरा त्या दोघांचे एकमत झाले असे म्हणतो. पुरावा एकच, तोही कल्पित. आकडा मात्र तीनाचा होतो.

आप्तवाक्याचेही असेच आहे. शब्दप्रमाणात वक्ता आप्त, म्हणजे वस्तुस्थिती जाणणारा व ती यथातथ्य सांगणारा, असावा लागतो. कंपनीचा प्रमुख आजची वस्तुस्थिती जाणतो. परंतु संकल्पाधीन गोष्टीविषयीचे त्याचे आजचे खरे विधान उद्या खरे राहीलच असे नाही. १८ जूनची तारीख व 'ग्रॅव्हिटास' हे नाव ही त्याची बोलकी उदाहरणे आहेत.

७. सामाजिक बाजू

गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन यांनी १९४७ साली अफवेच्या मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात असे मत मांडले की, अफवेचा जोर विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. दोहोंपैकी एक शून्य झाले तर अफवा उरत नाही. कंपन्या अर्धवट प्रकाशातील चित्रफिती का दाखवितात, याचे उत्तर यात मिळते. पूर्ण अंधारात महत्त्व टिकत नाही आणि पूर्ण उजेडात संदिग्धता उरत नाही. हेन्री जेन्किन्स या अभ्यासकाने २००६ सालच्या आपल्या ग्रंथात, दूरचित्रवाणीवरील स्पर्धेचा निकाल आधीच शोधून काढणाऱ्या प्रेक्षकसमूहांचे वर्णन केले आहे. अशा समूहात कोणालाच सर्व काही ठाऊक नसते. प्रत्येकाला थोडे ठाऊक असते आणि ते एकत्र येऊन सामूहिक बुद्धी घडते. एकाला इंजिनाचा आवाज कळतो, दुसऱ्याला कायदा कळतो, तिसऱ्याच्या घरासमोरून चाचणी वाहन जाते.

परंतु आपल्या पट्ट्यात या सामूहिक बुद्धीला एक कडा आहे आणि ती धारदार आहे. सार्वजनिक रस्त्यावर दिसलेल्या वाहनावरून तर्क करणे वेगळे आणि कारखान्याच्या आतील आराखडा अथवा छायाचित्र बाहेर आणणे वेगळे. पहिले निरीक्षण आहे, दुसरा विश्वासभंग आहे. अनेक कारखान्यांच्या प्रवेशद्वारावर भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली जाते, ती याचसाठी. हौसेपोटी मित्राला पाठविलेल्या एका छायाचित्रापायी प्रशिक्षणार्थी तरुणाची नोकरी व पुढची शिफारस दोन्ही जाऊ शकतात. कंत्राटी कामगाराला तर दाद मागण्यास जागाही थोडीच असते. चाहत्यांच्या गटात क्षणभर मिळणारा मान आणि त्याची किंमत यांचे प्रमाण विद्यार्थ्यांना वेळीच समजावून सांगणे आवश्यक आहे.

८. दुसरा तर्क : निर्मिती कोठे होणार?

चाहते नाव, रंग व किंमत यांविषयी तर्क करीत असतात, तेव्हा याच पट्ट्यातील लघुउद्योजक वेगळ्याच प्रश्नावर विचार करीत असतो. हे वाहन कोणत्या कारखान्यात तयार होणार? कोणत्या भागाचे काम कोणाकडे जाणार? भोसरीतील एखाद्या लहान यंत्रशाळेच्या दृष्टीने नव्या वाहनाचे नाव गौण असते. कर्ज काढून नवे यंत्र घ्यावे की नाही, हा निर्णय मुख्य असतो.

या संदर्भात टाटा नॅनोचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. २००३ साली रतन टाटा यांनी एक लाख रुपयांच्या मोटारीचा मनोदय व्यक्त केला. तेव्हापासून १० जानेवारी २००८ रोजी ती प्रत्यक्ष दिसेपर्यंत देशभर तर्क चालले. तिला पत्र्याचे दरवाजे असतील काय, ती चारचाकी रिक्षाच असेल काय, एवढ्या किमतीत ती शक्य आहे काय, हे प्रश्न घरोघरी विचारले गेले. मागील बाजूस बसविलेल्या ६२३ घनसेंटिमीटरच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाने त्यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे दिली. या मोटारीच्या विकासाचे बरेचसे काम पुण्यातील अभियांत्रिकी संशोधन केंद्रात झाले. परंतु तिची निर्मिती या पट्ट्यासाठी नव्हती. ती सिंगूरसाठी ठरली. तेथून ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकल्प हलला आणि साणंद येथील कारखाना २०१० साली सुरू झाला. पुढे मागणी घटत जाऊन २०१८ च्या सुमारास तिची निर्मिती थांबली.

यातून दोन बोध होतात. एक, आराखडा जेथे होतो तेथेच निर्मिती होईल, हे सामान्यतोदृष्ट अनुमान धोक्याचे आहे. निर्मितीस्थळ हेही नावाप्रमाणेच संकल्पाधीन असते. जमीन, सवलती व राजकारण यांवर ते ठरते आणि बदलते. दोन, चाहत्याचा तर्क चुकला तर फार तर मित्रांत थट्टा होते. लघुउद्योजकाचा तर्क चुकला तर कर्जाचे हप्ते उरतात. दोघांचीही अनुमानपद्धती एकच आहे, परंतु चुकीची किंमत समान नाही. म्हणून ज्याला किंमत मोजावी लागणार आहे त्याने कार्यकारणाधीन खुणा, म्हणजे साच्यांची लेखी मागणी, नमुन्यांची मंजुरी व पुरवठ्याचा करार, यांवरच भिस्त ठेवणे हिताचे. बैठकीतील सूचक वाक्य हे संकल्पाधीन क्षेत्रातील विधान असते, हे त्याने विसरू नये.

९. अध्यापनातील उपयोग

वर्गात अनुमान, हेत्वाभास, संभाव्यता अथवा संशोधनपद्धती हे विषय शिकविताना आपण बहुधा पर्वतावरील धूर व अग्नी यांचे उदाहरण देतो. ते उदाहरण उत्तमच आहे. परंतु या परिसरातील विद्यार्थ्याला चाचणी वाहन अधिक जवळचे वाटेल. त्यासाठी एक साधा उपक्रम सुचवावासा वाटतो. विद्यार्थ्यांनी एका आगामी वाहनाविषयीची विधाने वहीत नोंदवावीत. प्रत्येक विधानापुढे नोंदीची तारीख, आधार, आधाराचा प्रकार (प्रत्यक्ष, अनुमान की शब्द), विषय कार्यकारणाधीन आहे की संकल्पाधीन, आणि विधान खरे ठरण्याची आपल्या मते किती शक्यता आहे, हे लिहावे. वाहन आल्यावर अखेरच्या रकान्यात निकाल भरावा.

या उपक्रमाचे महत्त्व अखेरच्या रकान्यात आहे. खरे ठरलेले तर्क मनुष्य आठवणीत ठेवतो आणि फसलेले विसरतो. त्यामुळे आपण फार अचूक आहोत असा त्याचा समज होतो. तारीखवार लिहिलेली नोंद हा समज टिकू देत नाही. आपल्या अनुमानाचा हिशेब ठेवण्याची ही सवय पुढे संशोधनात, गुंतवणुकीत व नागरी जीवनातही उपयोगी पडेल, यात शंका नाही. अशा उपक्रमात केवळ सार्वजनिक रीत्या उपलब्ध असलेलीच माहिती वापरावयाची, ही अट अध्यापकाने आरंभीच घालावी.

१०. निष्कर्ष

(१) आगामी वाहनाविषयीचे चाहत्यांचे तर्क निराधार नसतात. चाचणी वाहन, कागदपत्रे, कंपनीचा पूर्वेतिहास व कंपनीचे संकेत ही त्यांची चार साधने होत.

(२) हे तर्क पूर्ववत्, शेषवत् व सामान्यतोदृष्ट या अनुमानप्रकारांत मांडता येतात. वर घेतलेल्या उदाहरणांत यंत्ररचनेविषयीचे पूर्ववत् व शेषवत् तर्क खरे ठरले, तर नाव व स्थळ यांविषयीचे सामान्यतोदृष्ट तर्क फसले.

(३) यश व अपयश यांतील फरक विषय कार्यकारणाधीन आहे की संकल्पाधीन, यावरून समजतो. नाव, तारीख व निर्मितीस्थळ ही संकल्पाधीन क्षेत्रे आहेत.

(४) सव्यभिचार व साध्यसम हे या क्षेत्रातील ठळक हेत्वाभास आहेत.

(५) पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात या तर्कांशी रोजगार, भांडवल व गोपनीयतेची बंधने निगडित असल्याने त्यांकडे केवळ करमणूक म्हणून पाहता येत नाही.

विद्यार्थी भ्रमणध्वनीवरील एखादे धूसर छायाचित्र मोठे करून त्यातील चाकाचे नट मोजत असेल, तर तो वेळ वाया घालवितो आहे असे एकदम म्हणणे योग्य होणार नाही. तो अनुमान करीत आहे. त्या अनुमानाला हेतूची शुद्धता, नोंदीची शिस्त व मर्यादेचे भान देणे हे अध्यापकाचे काम आहे.